वेस्टर्न चित्रपटांतील शब्द आणि मौन

वेस्टर्न चित्रपटांच्या लोकप्रियतेची मीमांसा करताना घोडा, पिस्तूल, विस्तीर्ण माळरान आणि अखेरीस होणारा सज्जनाचा विजय या चार गोष्टींचा निर्देश बहुधा केला जातो. ही कारणे खोटी नाहीत; पण ती अपुरी आहेत. अमेरिकेतील प्रेक्षकाला ती लागू पडली, तरी गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या प्रेक्षकाला ती कशी लागू पडावीत, हा प्रश्न शिल्लक राहतो. गोरेगावचा परिसर झाडीचा, धानाच्या बांध्यांचा आणि जुन्या मालगुजारी तलावांचा. मोकळ्या क्षितिजावर एक ठिपका दिसावा, तो हळूहळू मोठा होत स्वाराचे रूप घ्यावा, हे दृश्य या भूमीत संभवतच नाही. येथे दृष्टी थोड्याच अंतरावर झाडांना अडते. घोड्याचे म्हणावे, तर येथे मान बैलाचा; शंकरपटात धावतो तो बैलच. आणि ज्या इंग्रजीत हे चित्रपट बोलतात ती तर पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीहूनही दूरची. असे असूनही हा चित्रपटप्रकार अशा प्रेक्षकाला धरून ठेवू शकतो, याचे कारण कथेत वा निसर्गात शोधण्यापेक्षा या चित्रपटांनी बोलण्याला आणि न बोलण्याला जे मोल दिले आहे त्यात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाचा कान कशावर घडला आहे, हे येथे आधी ध्यानात घेतले पाहिजे. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटकमंडळ्यांचे केंद्र. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर शहरी वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. गावांना ती आधीपासून ठाऊक होती. ही रंगभूमी शब्दबहुल आहे. येथे दुःख गाऊन सांगितले जाते, क्रोध गर्जून सांगितला जातो आणि नायकाच्या मनात काय चालले आहे हे शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले जाते. अशा कानाला वेस्टर्नचा अबोल नायक प्रथम रिकामा वाटावा. तो तसा वाटत नाही, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

फ्रेड झिनेमान दिग्दर्शित 'हाय नून' (१९५२) या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. त्यातील कथानक दोन वाक्यांत मावते. नुकताच विवाहबद्ध झालेला आणि पदाचा त्याग केलेला मार्शल विल केन गाव सोडून निघतो. पण ज्या गुन्हेगाराला त्याने तुरुंगात धाडले तो दुपारच्या गाडीने परत येत आहे हे कळताच तो माघारी फिरतो. चित्रपटाची लांबी सुमारे ८५ मिनिटांची, आणि पडद्यावरील घड्याळे जवळजवळ तेवढाच वेळ मोजतात. या अवधीत गाव काय करते? गाव बोलते. न्यायाधीश इतिहासातील दाखले देत देत न्यायालयातील ध्वज आणि तराजू बांधून घेतो. चर्चमध्ये सभा भरते. कोणी पाठिंब्याचे बोलतो, कोणी करदात्याच्या हक्काचे बोलतो. शेवटी नगराध्यक्ष उभा राहतो. त्याचे भाषण हा वक्तृत्वाच्या अभ्यासकाने मुळातून ऐकावा असा नमुना आहे: प्रारंभ केनच्या स्तुतीने, मध्य गावाच्या भवितव्याच्या काळजीने, आणि शेवट केनने निघून जावे या सल्ल्याने. एकही वाक्य उघड खोटे नाही, आणि तरी ते भाषण म्हणजे संपूर्ण विश्वासघात आहे. केन मात्र मोजकेच बोलतो, आणि अखेरीस छातीवरील तारा काढून धुळीत टाकतो तेव्हा काहीच बोलत नाही. गावाच्या एवढ्या शब्दांना दिलेले हे उत्तर कोणत्याही भाषेच्या प्रेक्षकाला कळते. पंचायतीच्या वा सहकारी संस्थेच्या सभेत ज्याने एकदा मदत मागितली आहे, त्याला तर विशेषच कळेल.

या चित्रपटाच्या पटकथालेखकाचे चरित्र येथे अप्रस्तुत नाही. कार्ल फोरमन यांना १९५१ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे पाचारण करण्यात आले. त्यांनी इतरांची नावे सांगण्यास नकार दिला, आणि त्यामुळे हॉलिवुडमध्ये त्यांना काम मिळणे बंद झाले. ज्याला न बोलण्याची किंमत मोजावी लागली त्याच्या हातून असा नायक लिहिला गेला. वेस्टर्नमधील मौन ही केवळ मर्दानी ऐट आहे असे मानणाऱ्या समीक्षकांनी एवढी गोष्ट तरी विचारात घ्यावी.

जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'शेन'मध्ये (१९५३) नायकाला एकच नाव आहे आणि भूतकाळ नाही. तो शेतकऱ्यांच्या बाजूने लढतो व निघून जातो. त्याच्यामागे धावते ती एका मुलाची हाक. चित्रपट गोड आहे, अंमळ अधिकच गोड आहे. तथापि परक्या माणसाने गावाचे रक्षण करावे आणि रक्षण होताच त्याला गावात जागा उरू नये, हा या प्रकाराचा मूळ साचा तेथे स्वच्छ दिसतो.

सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने या मौनाचे तंत्रच बनविले. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'ची (१९६४) कथा अकिरा कुरोसावांच्या 'योजिम्बो'वरून (१९६१) उचललेली, भूमी स्पेनची, नट अमेरिका, इटली, स्पेन आणि जर्मनीचे. चित्रीकरणात ज्याने त्याने आपापली भाषा बोलावी व ध्वनिमुद्रण मागाहून व्हावे, अशी रीत होती. क्लिंट ईस्टवुड यांना इटालियन येत नव्हते, लिओने यांना इंग्रजी जेमतेम. आणि ईस्टवुड यांनी आपल्या वाट्याची वाक्ये आग्रहाने कमी करून घेतली. म्हणजे जो अबोल नायक पुढे जगभर अनुकरणीय ठरला, त्याच्या अबोलपणाचा जन्म काही अंशी तरी भाषेच्या अडचणीतून झाला. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या (१९६६) आरंभी दहा मिनिटांच्या आसपास कोणी बोलत नाही, आणि शेवटी दफनभूमीतील तिघांचा सामना एन्नियो मॉरिकोने यांच्या संगीतावर उभा आहे. याच चित्रपटात स्नानाच्या टबात बसलेला तुको आपल्यावर चालून आलेल्या व भाषण करीत राहिलेल्या शत्रूला गोळी घालतो आणि मग त्याला समजावतो की गोळी घालायची असेल तर घालावी, बोलत बसू नये. या वाक्यात साऱ्या प्रकाराचे व्याकरण आले आहे. गंमत एवढीच की ते सांगण्यासाठी तुकोला बोलावे लागते, आणि तुको हाच तिघांतला सर्वांत बोलका आहे. इंग्रजी न कळणाऱ्या प्रेक्षकाचे अशा चित्रपटात फारसे अडत नाही. तो अडाण्यांच्या रांगेत बसत नाही; पडद्यावरचे नटही एकमेकांची भाषा समजत नव्हते.

हा साचा हिंदी चित्रपटात आला तेव्हा काय घडले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. 'मेरा गाँव मेरा देश' (१९७१) व 'खोटे सिक्के' (१९७४) यांचा नुसता उल्लेख पुरे. विचार करावयाचा तो 'शोले'चा. रमेश सिप्पी दिग्दर्शित व सलीम-जावेद लिखित हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. 'सेव्हन समुराई' (१९५४), 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) आणि लिओने यांचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) यांचे ऋण त्यावर उघड आहे. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या, झोपाळ्याची कुरकुर, जयच्या ओठांवरील माउथ ऑर्गन ही सारी सामग्री पश्चिमेची. परंतु वेस्टर्नने जे गाळले होते तेच 'शोले'ने परत भरले, ते म्हणजे शब्द. 'शोले'च्या संवादांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने काढली आणि गावोगावच्या लग्नमंडपांतून, उत्सवांतून ती वाजली. चित्र न पाहता केवळ बोलणे ऐकावे, असा हा वेस्टर्न. ज्या कानाला रात्रभराच्या नाटकाची सवय आहे त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. गब्बरसिंग हा पोशाख बदललेला नाटकातला खलपुरुषच आहे, आणि तो तसा आहे म्हणूनच तो पाठ होतो. मौनाविषयीचे या चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध वाक्य, म्हणजे एवढी शांतता कशाची असा अंध इमामसाहेबांनी विचारलेला प्रश्न, हेही शेवटी वाक्यच आहे.

तरीही 'शोले'त एक लहानसा वेस्टर्न शिल्लक आहे. विधवा राधा हवेलीच्या सज्जावरील दिवे एकेक करून मालवते, खाली जय माउथ ऑर्गन वाजवतो, आणि दोघांत एक शब्द होत नाही. वीरू व बसंती यांच्या अखंड बडबडीला हा प्रतिपक्ष आहे. गब्बर जिभेवर राहिला, पण चित्रपट पाहून घरी परतणाऱ्याच्या मनात राहतात ते हे दिवे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेवटाविषयीही एक नोंद आवश्यक आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला आपल्या पायांनी ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलून ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण देतात आणि ठाकूर थांबतो, असा केला गेला. वेस्टर्नचा सारा प्रश्न कायदा पोहोचला नाही तेथे काय करावे हा आहे. येथे तर कायदाच येऊन प्रश्न काढून घेतो आणि तेही भाषण करून. मूळ शेवट असलेली जीर्णोद्धारित प्रत २०२५ साली बोलोन्याच्या महोत्सवात दाखविली गेली. ती पाहिल्यावर मिनर्व्हात चाललेला चित्रपट किती निराळा होता हे कळते.

येथवर मौनाचा गौरव झाला. पण वेस्टर्नमध्ये मौन एक नाही, दोन आहेत. नायक बोलत नाही, कारण त्याला बोलण्याची गरज नाही. ज्याची ती भूमी आहे तो मूळ रहिवासी बोलत नाही, कारण त्याला बोलू दिलेले नाही. पहिले मौन अधिकाराचे, दुसरे लादलेले. जॉन फोर्ड यांच्या 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) अपाची हे धूळ, बाण आणि आरोळ्या यांच्या रूपानेच येतात. ज्या जिल्ह्याचे नाव गोंडांवरून पडले असे मानले जाते, त्या जिल्ह्यातील प्रेक्षकाने हे दृश्य पाहताना टाळी कोणत्या बाजूने वाजवावी, हा प्रश्न आस्वादाच्या बाहेरचा म्हणून टाळता येणार नाही. तो आस्वादाचाच प्रश्न आहे.

काही चित्रपटांनी या प्रश्नाला तोंड दिले. 'ब्रोकन ॲरो'च्या (१९५०) आरंभीच निवेदक सांगतो की जे घडले तेच दाखविले जाईल, फरक एवढाच की अपाची बोलतील ते प्रेक्षकांच्या भाषेत. ही प्रामाणिक तडजोड होती. पण त्यामुळे कोचीसच्या तोंडी सुसंस्कृत इंग्रजी आले आणि त्याची भाषा गेली ती गेलीच. 'डान्सेस विथ वुल्व्ज'ने (१९९०) चार दशकांनी उलटा मार्ग धरला. लकोटा लोक लकोटा भाषेत बोलतात आणि खाली इंग्रजी उपशीर्षके येतात. हे पाऊल मोठे होते. मात्र लकोटा भाषेत स्त्री व पुरुष यांच्या बोलण्यात काही रूपे भिन्न असतात. नटांना ती भाषा एका स्त्री-शिक्षिकेने शिकविली, आणि पडद्यावरचे योद्धे स्त्रियांसारखे बोलतात, अशी टीका लकोटा नेते व नट रसेल मीन्स यांनी केली. उपशीर्षके वाचणाऱ्या जगाला त्याचा पत्ताही लागला नाही.

या सर्वांहून 'द सर्चर्स' (१९५६) सरस ठरतो, तो निर्दोष आहे म्हणून नव्हे. त्याचा नायक ईथन कोमँचींचा पराकोटीचा द्वेष करतो. पण त्यांची भाषा त्याला येते, त्यांच्या श्रद्धा त्याला ठाऊक आहेत, आणि म्हणूनच तो एका मृत कोमँचीचे डोळे गोळी घालून फोडतो, की परलोकात त्याला वाट सापडू नये. ज्ञानातून प्रेमच उपजते असे मानणाऱ्यांना हे दृश्य अस्वस्थ करील. पुढे ईथन आणि टोळीचा नायक स्कार समोरासमोर येतात. तुला आमची भाषा चांगली येते, कोणी शिकविली काय, असे ईथन उपहासाने विचारतो. थोड्या वेळाने स्कार तोच प्रश्न कोमँची भाषेविषयी त्याच्याकडे परतवितो. एवढ्या दोन वाक्यांत दोघे एका पातळीवर येतात. ज्या प्रकाराने मूळ रहिवाशाला मुके ठेवले, त्याच प्रकारात त्याला मिळालेले हे सर्वांत नेमके उत्तर होय. स्कारची भूमिका केली ती बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी, आणि त्याच्या टोळीतील कोमँची होते ते चित्रीकरणस्थळाचे नवाहो. ही विसंगती चित्रपटाला पुसता आली नाही.

कॉनरॅड रिक्टर यांच्या ओहायोच्या अरण्यावरील कादंबऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. तेथील सरहद्द माळरानाची नसून घनदाट झाडांची आहे. गोरेगावच्या वाचकाला ती पडद्यावरच्या वाळवंटापेक्षा जवळची वाटेल. पण तेथेही झाडे तोडणाऱ्यांचीच बोली मराठीत आली आहे.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर नायक-नायिका अनेकदा प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. 'शोले'त सूरमा भोपालीची बोलीही हसण्यासाठीच आहे. गोंडी तर द्राविड कुलातील भाषा. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून नोंदविणारे २९ लाखांहून अधिक आहेत, आणि आठव्या परिशिष्टात तिला स्थान नाही. गोरेगाव-गोंदियाच्या मंडईतील नाटकात गोंडी बोलणारे पात्र येते काय, आले तर ते हसविण्यासाठी येते की एखाद्या ईथनला प्रश्न परतविण्यासाठी, याचा शोध पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घेण्याजोगा आहे. त्यासाठी संहिता वाचून भागणार नाही. प्रयोगाला रात्रभर बसावे लागेल, कारण विनोदी नट संहितेत नसलेले पुष्कळ बोलतो.