दोन पाठांमधला तिसरा वाचक

संगणकावर लिहिणाऱ्याचा जुना खर्डा आता केराच्या टोपलीत जाण्याचे कारण उरलेले नाही. आवृत्ती-नियंत्रण प्रणाली वापरली, की फाईलचे नोंदवलेले प्रत्येक रूप साठून राहते आणि त्यांतली कोणतीही दोन रूपे ताडून पाहता येतात. गेलेल्या ओळीमागे वजाचे चिन्ह, आलेल्या ओळीमागे अधिकचे. या तुलनेला प्रोग्रामर मंडळी ‘डिफ’ म्हणतात. हस्तलिखितांतली खाडाखोड भिंगाखाली वाचणाऱ्या अभ्यासकाला याचा हेवा वाटावा. उद्याच्या कथा-कादंबऱ्यांचे खर्डे जर असेच फाइलींच्या रूपात आपल्या हाती येणार असतील, तर हे साधन काय दाखवते आणि काय लपवते, हे आजच तपासले पाहिजे. डिफ म्हणजे लेखकाने केलेल्या बदलांची नोंद, हा समज सर्वत्र आढळतो. माझ्या मते डिफ हे दोन पाठांचे एक वाचन आहे, आणि इतर कोणत्याही वाचनासारखीच त्याचीही चिकित्सा व्हायला हवी.

डिफचा जन्म अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, युनिक्स या कार्यप्रणालीच्या घरात झाला. डग्लस मॅकिलरॉय यांचा हा प्रोग्राम 1974 मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. त्यामागची रीत मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी 1976 च्या अहवालात मांडली. ती थोडक्यात अशी : दोन्ही फाइलींत आढळणाऱ्या समान ओळींची, क्रम न मोडता, जास्तीत जास्त लांब माळ शोधायची. माळेत न बसलेल्या जुन्या ओळी गेल्या असे समजायचे, न बसलेल्या नव्या ओळी आल्या असे समजायचे. म्हणजे हा प्रोग्राम मुळात बदल शोधतच नाही. तो साम्य शोधतो. साम्य काढून घेतल्यावर जे खाली उरते, त्याला आपण बदल म्हणतो.

या प्रोग्रामच्या भाषेचे मूळही सांगण्यासारखे आहे. सुरुवातीच्या डिफमध्ये घालणे, बदलणे आणि काढणे यांसाठी तीन अक्षरे होती. युनिक्सच्या ‘एड’ या संपादक-प्रोग्रामला ज्या आज्ञा देत, त्यांतलीच ती अक्षरे. जुन्या फाईलवर अमुक इतक्या क्रिया करा म्हणजे नवी फाईल तयार होईल, असे ते आज्ञापत्र होते. 1985 मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहिला. तो असे पत्र वाचून समोरच्या फाईलवर दुरुस्ती चढवू लागला. अख्खी फाईल पाठवण्याची गरज राहिली नाही; फरक तेवढा पाठवला की काम भागे. अशा पत्राचा गुण म्हणजे आटोपशीरपणा. 1986 मध्ये युजीन मायर्स यांनी मांडलेली आणि आज सर्वाधिक वापरात असलेली रीतही कमीत कमी काढ-घाल शोधण्यासाठीच आहे.

अडचण इथेच सुरू होते. सर्वांत थोडक्यात जाणारी वाट हीच लेखक चालून गेलेली वाट, असे मानायला काहीच आधार नाही. एखाद्या लेखिकेने परिच्छेद पूर्ण पुसला, चार दिवसांनी तो नव्याने लिहिला आणि त्यात दोन ओळी योगायोगाने जुन्यासारख्याच उतरल्या, तर डिफ सांगेल की या दोन ओळी जागच्या हलल्याच नाहीत. तिसऱ्या प्रकरणातला प्रसंग तिने उचलून पहिल्या प्रकरणात आणला, तर साधा डिफ एका जागी मरण दाखवील आणि दुसऱ्या जागी जन्म. ‘हलवणे’ हे क्रियापद त्याच्या व्याकरणात नाही. आज रूढ असलेल्या मांडणीत तर जुन्या तीन अक्षरांतले ‘बदलणे’सुद्धा गळाले आणि वजा व अधिक ही दोनच चिन्हे राहिली.

पुनरुक्ती आली की हा प्रश्न उघडा पडतो. एका गाण्यात प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद येते असे समजा. कवीने पहिल्या कडव्याच्या ध्रुवपदापुढे नवे कडवे आणि पुन्हा ध्रुवपद घातले. आता यंत्राला दोन उत्तरे सारखीच बरोबर वाटतात : ‘कडवे आणि त्यामागचे ध्रुवपद’ आले, किंवा ‘ध्रुवपद आणि त्यामागचे कडवे’ आले. ओळींची संख्या तीच, शेवटचा पाठही तोच. पण कवी कडव्यामागे ध्रुवपद लिहितो, हे कळायला गाण्याची रचना कळावी लागते. प्रोग्रामच्या मजकुरात जागोजागी येणारे बंद महिरपी कंस नेमका हाच घोटाळा करतात. त्यावर ब्रॅम कोहेन यांनी ‘पेशन्स’ नावाची रीत काढली. दोन्ही पाठांत नेमक्या एकदाच येणाऱ्या ओळी ती आधी खुंटीसारख्या रोवते आणि मग मधला मजकूर जुळवते. पोथ्या जुळवणारा माणूसही ठळक, एकमेव जागा आधी धरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी उभारलेल्या गिट या प्रणालीत तुलनेच्या अशा चार रीती आहेत. त्याच दोन आवृत्त्या, रीत वेगळी. अहवालही वेगळा येऊ शकतो. याचे कारण गिटच्या घडणीत आहे. तिच्या इतिहासात फरक नोंदवलेला नसतो. प्रत्येक टप्प्याचे संपूर्ण चित्र असते, आणि फरक आपण विचारू तेव्हा नव्याने काढला जातो. फाईलचे नाव बदलले हेसुद्धा गिट नोंदवत नाही. गेलेली आणि आलेली फाईल निम्म्याहून अधिक सारखी दिसली, तर नाव बदलले असावे असा तर्क ती करते. तेव्हा साठवलेली रूपे हा पुरावा, आणि डिफ हा त्या पुराव्यावरून केलेला युक्तिवाद. अभ्यासकाने या दोहोंची गल्लत करता कामा नये.

मराठी मजकुराच्या बाबतीत ही गल्लत अधिक महाग पडते. डिफचे मूळ एकक ओळ आहे. प्रोग्राममध्ये एका ओळीत साधारणपणे एक आज्ञा असते. आपल्या गद्याच्या फाईलमध्ये मात्र बहुधा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. एक वेलांटी सुधारली की परिच्छेद गेला आणि परिच्छेद आला. शब्दागणिक तुलना करण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. शब्दांवर आलो तरी पेच सुटत नाही. 1962 च्या लेखननियमांनंतर ‘घरांत’चे ‘घरात’ झाले, ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले. त्याआधीचे पुस्तक आणि त्याची नव्या लेखनातली आवृत्ती ताडून पाहिली, तर पानेच्या पाने रंगतील. त्या रंगाच्या गर्दीत एखादी शिवी सौम्य केली, एखाद्या जातीचा उल्लेख गाळला, तर तो बदलही उडालेल्या अनुस्वाराइतकाच मोठा दिसेल. उलट टोकाची गंमत ‘ऱ’ची. संगणकात हे अक्षर एका संकेताने लिहिता येते किंवा ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही एकच. साधा डिफ मात्र फरक आहे म्हणून अडून बसतो.

हे काम मराठी मुलखाला नवे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुखटणकर 1925 मध्ये प्रमुख संपादक झाले, 1933 मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, आणि संहितेचे काम 1966 मध्ये संपले. तिथल्या तुलनापत्रकांवर श्लोक चौकटींत अक्षरागणिक मांडून त्याखाली एकेका पोथीतला पाठभेद नोंदवत. एकक अक्षर होते; पण लेखनिकाची सवय कोणती आणि खरा पाठभेद कोणता, हे ठरवायला माणूस बसलेला होता. गिटमध्ये प्रत्येक आवृत्ती आपल्या आधीच्या आवृत्तीचे नाव सांगते, त्यामुळे वंशवृक्ष आयता मिळतो. सुखटणकरांना तो पोथ्यांच्या साम्यभेदांवरून बांधावा लागला.

दोन शाखा एकत्र करताना हा भेद आणखी स्पष्ट होतो. गिट दोन्ही शाखांचा समान पूर्वज काढते आणि एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील, तर थांबून माणसाला विचारते. जागा वेगळ्या असल्या की विचारत नाही. एका संपादकाने कादंबरीभर ‘सखू’चे ‘सरू’ केले आणि दुसऱ्याने त्याच काळात सखूवर एक नवा परिच्छेद लिहिला, तर दोन्ही शाखा विनातक्रार जुळतील आणि पुस्तकात एका बाईच्या दोन बाया होतील. भांडारकरी आवृत्तीत ज्या पाठाबद्दल संपादकाची पुरती खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ आहे. यंत्राची शंका जागेपुरती असते; ही रेघ अर्थाविषयीच्या शंकेची आहे.

डिफच्या बाजूने एक गोष्ट निखालस सांगितली पाहिजे. त्याचे वाचन कोणालाही तपासता येते. तीच दोन रूपे, तीच रीत घ्या. मुंबईत असो वा बोस्टनमध्ये, उत्तर तेच येईल. आपल्या समीक्षेला हे भाग्य नाही. म्हणूनच खर्ड्यांच्या अभ्यासात डिफचा आधार घेणाऱ्याने एकक कोणते धरले, काय समान मानले आणि कोणत्या रीतीने तुलना केली, हे पोथीचा क्रमांक द्यावा तसे लिहून द्यावे. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि आशयातला बदल संपादकांनी एकाच नोंदीत कोंबू नये. आधी एक नोंद, मग दुसरी. एवढी शिस्त पाळली, तर अनुस्वार उडाला तो एका यादीत दिसेल आणि शिवी गाळली ती दुसऱ्या यादीत, उघडपणे.