सोय कोणाची, जोखीम कोणाची? ओटीपी, अंगठा आणि आपलं खातं

(फलटण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय बँकेचा आहे, पण सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. आत्या आपल्याच तालुक्यातल्या एका गावात राहते. वय पंचाहत्तरच्या पुढं. उसाचं बिल तिच्या खात्यावर जमा होतं. तिच्या पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात एटीएम कार्ड आहे आणि त्याच कव्हरात एका चिठ्ठीवर चार आकडे लिहिलेले आहेत. खात्याला जोडलेला मोबाइल नातवाकडं असतो. बँकेचा मेसेज वाचतो नातू, आकडे टाकतो नातू, आणि आत्या सगळ्यांना सांगते, "माझं आता सगळं ऑनलाइन आहे."

हसू नका, आपल्यातल्या निम्म्या घरांत हेच आहे. बँकेच्या कागदावर आत्याच्या खात्याला दोन कुलपं आहेत. प्रत्यक्षात एका कुलपाची किल्ली कुलपालाच बांधलेली आहे, आणि दुसरी नातवाच्या खिशात. उद्या पैसे गेले तर बँक एकच शब्द वापरेल: निष्काळजीपणा. आज मला या शब्दाची चिकित्सा करायची आहे. कारण आत्या निष्काळजी नाही. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना ती दोनदा हिशेब करते. मग बँकेच्या बाबतीत ती अशी का वागते? तर तिला दिलेलं साधन तिच्या हाताला, डोळ्याला, घराच्या रीतीला बसत नाही म्हणून.

आता ही साधनं एकेक करून बघू.

कार्डानं ऑनलाइन पैसे देताना कार्डावरच्या आकड्यांपलीकडं आणखी एक खात्री हवी, ही सक्ती रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून केली. निर्णय चांगला होता. अनेक पुढारलेल्या देशांत तेव्हा तो नव्हता. ही दुसरी खात्री कशी करायची, याचे वेगवेगळे मार्ग निघाले. काही कार्डांच्या मागं अक्षरं आणि आकड्यांचा तक्ता छापलेला असायचा. काही बँकांनी किल्लीच्या जुडग्यात अडकवता येईल एवढं छोटं यंत्र दिलं, टोकन. त्यावर ठरावीक वेळानं नवा आकडा दिसतो.

टोकनची गंमत अशी की त्याचा मोबाइलशी, सिमकार्डाशी काही संबंध नाही. फोन चोरीला गेला तरी टोकन घरात. पण त्याची बॅटरी संपते, ते हरवतं, प्रत्येक बँकेचं वेगळं ठेवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते विकत घेऊन ग्राहकापर्यंत पोचवायचा खर्च बँकेवर पडतो. मोबाइल मात्र ग्राहकानं स्वतःच्या पैशानं आधीच घेतलेला. मग सामान्य माणसाच्या वाट्याला आला एसएमएसवरचा ओटीपी. याला "ग्राहकांची सोय" म्हटलं गेलं. सोय होती, नाकारत नाही. पण ती जेवढी आपली होती, तेवढीच बँकेचीही होती. हे कधी मोकळेपणानं सांगितलं गेलं नाही.

ओटीपीचा दोष काय? तो सहा आकडी शब्द आहे, आणि शब्द कुणालाही सांगता येतो. आपण तो खऱ्या बँकेच्या पानावर टाकतोय की चोराच्या, हे त्या आकड्यांना कळत नाही. शिवाय त्याची सुरक्षा सिमकार्डावर अवलंबून. तुमच्या नावानं कुणी डुप्लिकेट सिम काढलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडं. आणि अलीकडं व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल येते. पत्रिका कुणाची म्हणून उघडली की ते ॲप फोनमध्ये बसतं आणि मेसेज परस्पर वाचतं. बँकेचं ॲपही त्याच फोनमध्ये, ओटीपीही त्याच फोनमध्ये. दोन कुलपं एकाच दाराला हवीत, हे बरोबर. पण दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या तर?

मग लोक म्हणतात, अंगठा बरा. इथं मला शेजारच्या माण तालुक्यात जावं लागेल, म्हसवडला. १९९७ साली चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. आधी परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, परत गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढं दारोदारच्या बँकिंगसाठी पिन क्रमांकाचा विषय निघाला. बायकांना पिन पटेना. चेतनाताईंनी टेडच्या व्यासपीठावर हा किस्सा सांगितला आहे. बायकांचं म्हणणं असं, की पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार?

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सुरक्षा म्हणजे काय, हे तिथं ग्राहकानं बँकेला शिकवलं. ज्या घरात नवरा, दीर, पोरगा सगळ्यांना पिन ठाऊक होणार, तिथं पिन गुप्त राहतच नाही. त्या घरासाठी अंगठाच जास्त सुरक्षित. आणि सोयीचाही. म्हणजे सोय आणि सुरक्षा या दोन गोष्टी नेहमी एकमेकींच्या विरोधात असतात, हा समज त्या बायकांनी मोडला.

पण पुढं काय झालं तेही बघू. आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढायची व्यवस्था देशभर पसरली, आणि अंगठे चोरीला जायला लागले. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे मिळवून त्यांच्या रबरी, सिलिकॉनच्या प्रती केल्या गेल्या. पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? आणि दुसरी बाजू अशी, की ऊस तोडून, खुरपून ज्यांच्या रेषा झिजल्या, त्यांचा खरा अंगठा यंत्र ओळखत नाही. म्हणजे खोटा चालतो आणि खरा चालत नाही, अशी वेळ येते. म्हसवडच्या बायका चुकल्या का? नाही. त्यांचा अंगठा त्यांच्या बँकेच्या ओळखीच्या माणसासमोर टेकायचा होता. तोच अंगठा अनोळखी माणसाच्या अनोळखी यंत्रावर गेला की साधन तेच राहतं, जोखीम बदलते.

आता एक पुण्याचं उदाहरण. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण ९४ कोटींहून जास्त. ग्राहकांची कार्डं ग्राहकांच्याच पाकिटात होती. फसली ती यंत्रणा, जी "हो, पैसे द्या" म्हणायची. चोरांनी तिच्या जागी खोटी यंत्रणा उभी करून होकार दिला. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असं बँकेनं तेव्हा जाहीर केलं. नुकसान बँकेनं सोसलं, ते योग्यच होतं.

माझा आजचा मुद्दा नेमका इथं आहे. मधलं यंत्र फसलं, तर नुकसान बँकेचं. पण टोकाला बसलेली आत्या फसली, तर नुकसान आत्याचं. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाला चांगलं संरक्षण आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. ग्राहकाचा दोष सिद्ध करायचा भारही बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही हे लागू केलं. पण आकडे तुम्ही स्वतः दिलेत, तर तक्रार करेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. म्हणजे सांगायला सोपं असं साधन द्यायचं, आणि सांगितलं की दोष द्यायचा. हे मला पटत नाही.

दुसरीकडं काय करतात? सिंगापूरला २०२१ च्या अखेरीस ओसीबीसी बँकेच्या शेकडो ग्राहकांना खोट्या एसएमएसनी फसवलं. बँकेनं सगळ्यांना भरपाई दिली. पुढच्याच महिन्यात तिथल्या नियामकानं सांगितलं, ग्राहकांना मेसेजमधून लिंक पाठवू नका, आणि फोनमध्ये नवं डिजिटल टोकन चालू करायला किमान १२ तास लागू द्या. बारा तास! हे गैरसोयीचंच आहे. पण ही गैरसोय चोराची जास्त होते, कारण त्याला घाई असते. २०२४ मध्ये, ज्यांच्याकडं डिजिटल टोकन आहे त्यांच्या लॉगिनमधून ओटीपी काढून टाकायचं ठरलं. आपल्याकडंही रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. त्यांची तारीख १ एप्रिल २०२६. एसएमएसवर बंदी नाही, पण इतर साधनांना वाट मोकळी केली आहे. आणि बँकेनं हे निर्देश न पाळल्यामुळं ग्राहकाचं नुकसान झालं, तर भरपाई बँकेनं द्यायची.

म्हणून कुठलंही नवं साधन आलं की मी तीन प्रश्न विचारतो. एक, कशाला होकार देतोय हे माणसाला त्यावर स्वच्छ मराठीत दिसतं का? किती रुपये, कुणाला? दोन, ते चोरीला गेलं तर बदलता येतं का? तीन, ते फसलं तर पैसे कुणाचे जातात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "ग्राहकाचे" असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांकडं बँक लक्ष देणार नाही. तिला कारणच उरत नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यांतील एक.)

प्रश्न : सर, मी निवृत्त शिक्षक. हे सगळं बदलेल तेव्हा बदलेल. आज घरी जाऊन मी काय करू?

उत्तर : गुरुजी, चार गोष्टी. मोठी रक्कम एका खात्यात ठेवा आणि ते खातं मोबाइलला, यूपीआयला जोडू नका. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं, त्यात थोडेच पैसे. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करा, लागेल तेव्हा उघडता येतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. आणि काही झालंच तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. लाजेपायी लोक दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत, आणि मुदत तर तेव्हाच सुरू झालेली असते.

आत्याचं विचाराल, तर तिची चिठ्ठी मी फाडली नाही. कार्डाच्या कव्हरातून काढून तिच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली. ती म्हणाली, "एवढंच होतं, तर बँकेतल्या माणसानं का नाही सांगितलं?"