डोंगरयात्रेचीं वर्णनें आणि पाण्याचा हिशेब

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मराठींत एक गद्यप्रकार चांगलाच रूढ झाला आहे. पण त्याकडे टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. मित्रमंडळींसह डोंगरांत दोन-तीन मुक्काम करून आल्यावर लिहिलेलें वर्णन, हा तो प्रकार. शनिवारीं रात्रीं बदलापूर, कर्जत, आसनगांव या स्टेशनांवर पाठीला सॅक लावलेल्या तरुण-तरुणींचे घोळके उतरतात, आणि त्यांपैकीं एखादा तरी घरीं परतल्यावर लेखणी हातीं घेतोच. महाविद्यालयांचे वार्षिकांक, दिवाळी अंक, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या यांतून हें लिखाण सतत येत असतें. प्रस्तुत लेखकाकडे आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचें संपादन बरींच वर्षें आहे. त्यामुळें अशीं शंभरएक वर्णनें तरी त्याच्या नजरेखालून गेलीं आहेत. त्यांच्या आधारें या प्रकाराचा कांहीं गुणदोषविचार करण्याचा येथें मानस आहे.

या वर्णनांचा एक सांचा ठरून गेला आहे. आरंभीं गाडी चुकतां चुकतां मिळते. पायथ्याच्या गांवीं चहा-पोहे होतात. मंडळींत एक खादाड, एक आळशी आणि एक विनोदी असे तिघे असावयाचेच. मग चढ, घाम, कड्यावरची एखादी धोक्याची जागा, माथ्यावरचा सूर्यास्त, रात्रीं शेकोटीभोवतीं गाणीं, आणि शेवटीं ‘पुन्हां येऊं’ असें डोंगराला दिलेलें वचन. नांवें तेवढीं बदललीं तर हरिश्चंद्रगडाचें वर्णन रतनगडालाहि चालून जावें. यांतील उत्साह खोटा नसतो, भाषाहि पुष्कळदां स्वच्छ असते. उणीव असते ती निराळीच. या लिखाणांत माणसें चालतात, पण त्यांना कशाची गरज भासत नाहीं. आणि जेथें गरज नाहीं तेथें निर्णय नाहीं, निर्णय नाहीं तेथें स्वभावदर्शनहि नाहीं.

सांदण दरीचींच वर्णनें घ्या. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत साम्रद गांवाजवळ ही घळ सुरू होते आणि खालीं ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत डेहणें गांवाच्या बाजूला उघडते. दोहों बाजूंस उंच काळे कातळ, मध्यें कांहीं ठिकाणीं जेमतेम माणसाला वाट मिळेल एवढीच रुंदी, गारठलेल्या पाण्याचे डोह, मोठमोठ्या शिळांचा खच आणि दोर लावून उतरावयाचे टप्पे. ही सारी करणी पाण्याची आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाच्या थरांत पाणी शिरलें आणि त्यानें कातळ कोरीत नेला. पावसाळ्यांत तें आजहि याच वाटेनें धांवतें. म्हणून त्या दिवसांत येथें पाऊल टाकणें म्हणजे जिवाशीं खेळ. माणूस या घळींत शिरतो तो पाणी निघून गेल्यावरच. असें असूनहि बहुतेक वर्णनांत पाणी येतें तें डोहांत कोण घसरला एवढें सांगण्यापुरतें. मुक्कामाला पाणी कोठलें, तें कोणीं भरून आणलें, दुसऱ्या दिवशीं किती उरलें, यासंबंधीं अक्षरहि नसतें.

ज्या प्रदेशांत हा प्रश्न टाळतांच येत नाहीं, तेथील वाङ्मयाकडे पाहिलें म्हणजे फरक ध्यानांत येतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील वाळवंटी घळयांविषयीं इंग्रजींत पुष्कळ लिखाण आहे. जॉन वेस्ली पॉवेल हा युद्धांत एक हात गमावलेला सेनाधिकारी १८६९ मध्यें नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या घळयांकडे निघाला. दहांपैकीं सहाच जण अखेरपर्यंत पोंचले. एकानें सुरुवातीसच निरोप घेतला. शेवटच्या टप्प्यांत पुढील प्रवाहाचें भय घेऊन तिघे कडा चढून गेले, ते जिवंत परतले नाहींत. कॉलिन फ्लेचर हा १९६३ मध्यें त्याच नदीच्या सर्वांत मोठ्या घळईंतून एकटा पायीं गेला. त्याचें पुस्तक १९६८ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं एडवर्ड ॲबीचें ‘डेझर्ट सॉलिटेअर’ निघालें. तिघांची प्रकृति भिन्न, हेतु भिन्न. पण हिशेब तिघांनाहि सुटला नाहीं. पॉवेलच्या मंडळींजवळ नदी होती तर शिधा भिजून नासत होता. फ्लेचरला पाणी कोठें मिळेल यावर वाट ठरवावी लागे. अशा प्रवासांत पाण्यावरून वाट ठरते, वाटेवरून मुक्काम ठरतो, आणि उरलेलें कोणीं किती प्यावें यावरून सोबत्यांची पारख होते. मैत्री तेथें गाण्यांनीं सिद्ध होत नाहीं, वांटणीनें होते.

यावर कोणी म्हणेल कीं, सह्याद्रि म्हणजे कांहीं वाळवंट नव्हे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या मुलखाला ती तुलना कशी लागू पडावी? आक्षेप वरवर बरोबर दिसतो. परंतु हा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि कातळावरून घसरून बव्हंशीं समुद्राला मिळतो. फाल्गुन-चैत्रांत याच डोंगरांत ओंजळभर पाण्यासाठीं वणवण करावी लागते. गोरखगडासारख्या उभ्या सुळक्यावरहि पूर्वजांनीं कातळांत टाकीं खोदलीं तीं हौसेखातर नव्हेत. मुंबईला पाणी पुरविणारीं धरणें ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील वाड्यापाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें तर दरवर्षीं वर्तमानपत्रांत छापून येतें. तेव्हां आपल्याकडे वाळवंट नाहीं असें म्हणण्यापेक्षां, तें वर्षांतून कांहीं महिने येतें आणि कांहीं लोकांच्याच वांट्याला येतें, असें म्हणणें अधिक खरें होईल.

शिवाय या हिशेबासाठीं परदेशांत जाण्याची गरजहि नाहीं. मराठींतील पायीं प्रवासाचें श्रेष्ठ पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. १८५७ सालीं पेणजवळच्या वरसईहून हा भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला तो घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें. वाटेंत त्याला बंडानें गांठलें. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें तें पुस्तक छापलें, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केली. झांशीच्या हकीकतीमुळें तें इतिहासाचें साधन म्हणून गाजलें. वाङ्मय म्हणून तें टिकलें याचें कारण मात्र वेगळें आहे. या माणसाला प्रत्येक मुक्कामीं कांहीं तरी हवें असतें, तें कोणाकडून मिळालें हें तो सांगतो, आणि लुटला गेला तर तेंहि सांगतो. अखेरीस द्रव्याच्या ऐवजीं खांद्यावर गंगेची कावड घेऊन तो घरीं पोंचतो आणि त्या पाण्यानें आईबापांना स्नान घालतो. शेंकडों कोस वाहून आणलेल्या त्या पाण्याला वजन आहे, कारण तें कोणाच्या खांद्यावरून आलें हें वाचकाला ठाऊक असतें.

आतां आमच्या परिसराकडे वळूं. बदलापूरहून मुरबाडच्या दिशेनें जाणारा रस्ता बारवी धरणाजवळून जातो. पुढें म्हसें, तेथून गोरखगड, सिद्धगड, आणि उभी चढण चढून भीमाशंकर असा तीन-चार दिवसांचा बेत आमचे विद्यार्थी दरवर्षीं आंखतात. त्यांच्या वर्णनांत बारवीला एक ठराविक वाक्य मिळतें: जलाशय विस्तीर्ण आणि निसर्गरम्य होता. वस्तुतः हें पाणी एवढ्या वाक्यावर सोडून देण्यासारखें नाहीं. बारवी ही उल्हासची उपनदी. औद्योगिक विकास महामंडळानें तिच्यावर बांधलेलें धरण १९७२ मध्यें पुरें झालें. पुढें त्याची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आली, आणि वाढीव उंचीपर्यंत तें प्रथम भरलें २०१९ च्या पावसाळ्यांत. अंबरनाथ-उल्हासनगरपासून नवी मुंबईपर्यंतच्या कारखान्यांची आणि घरांची मोठी तहान त्यावर भागते. त्यासाठीं कित्येक कुटुंबांचीं घरें-शेतें पाण्याखालीं गेलीं. आणि पाणी घेणाऱ्या संस्थांनीं विस्थापित कुटुंबांतील एकेकाला नोकरी द्यावी, असा तोडगा निघाला. शेताच्या बदल्यांत नोकरी, हा सौदा बरा कीं वाईट हें ठरविणें समीक्षकाचें काम नव्हे. पण कथेचें बीज म्हणून तो केवढा आहे! आणि आमचा वर्णनकार अंबरनाथच्या घरच्या नळाची बाटली भरून निघतो, त्या पाण्याच्या उगमावरूनच चालत जातो, आणि त्याला त्याची ओळख पटत नाहीं.

सिद्धगडाचीहि तीच गत. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं तेथें पोलिसांच्या गोळीबारांत हुतात्मे झाले. विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा दस्ता याच रानांत दडून होता. मित्रांसह डोंगरांत मुक्काम करणें म्हणजे काय, हें ज्यांना प्राण पणाला लावून कळलें अशीं तीं माणसें. वर्णनांत त्यांच्या स्मारकाला वंदन असतें. पण आपल्यासारखीच माणसें येथें राहिलीं तेव्हां काय खात-पीत असतील, हा साधा प्रश्न वंदन करणाऱ्याच्या मनांत उठत नाहीं.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांपूर्वीं याच वाटेवरून आलेल्या एका विद्यार्थिनीनें दिलेल्या लेखांत खोडलेला एक परिच्छेद होता. तिसऱ्या दिवशीं दुपारीं सात जणांत दीड बाटली पाणी उरलें. झांकणभर प्रत्येकाला, असा नियम झाला. मंडळींतील जो विनोदी म्हणून आधीं रंगविला होता त्यानें आपलें झांकण न बोलतां दुसऱ्यापुढें केलें, आणि ज्याला सारे पुढारी मानीत त्यानें दोनदां घेतलें. पुढें एक ठाकर म्हातारी भेटली. तिनें झुडपांआडचा झरा दाखविला, आणि ‘पोरांनो, उष्टं भांडं बुडवूं नका, आमास्नी जेठपावेतो हेंच पाणी हाय’ एवढें बजावून ती निघून गेली. परिच्छेद कां खोडला असें विचारतां, मित्रांना तो कंटाळवाणा वाटला आणि एकाचा रागहि आला, असें उत्तर मिळालें. उरलेल्या आठ पानांत जें साधलें नव्हतें तें या दहा ओळींत साधलें होतें. लेखाचें मंडण त्यांत नव्हतें. पण सात माणसें, एक डोंगर आणि त्या डोंगरावर वर्षभर जगणारी एक बाई, एवढें सारें एका झांकणानें मोजलें गेलें होतें. परिच्छेद अंकांत छापला. त्यावरून मंडळींत थोडें वितुष्ट आल्याचें मागाहून कानीं आलें. खऱ्या लिखाणाची एवढी किंमत बहुधा द्यावीच लागते.

मौजेनें केलेल्या प्रवासाचें वर्णन मौजेचेंच असावें, त्याला समाजशास्त्राचें ओझें कशाला, असा एक पक्ष आहे. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, पाण्याचा हिशेब हें ओझें नव्हे. ती सत्याची पहिली कसोटी आहे. ज्याला तहान लागलेली नाहीं त्याच्या झऱ्याला चव कोठून येणार? कड्यावरचा सूर्यास्त कोणालाहि पुस्तकांतून उचलतां येतो. आपल्या बाटलींत किती होतें, तें कोठून आलें आणि कोणीं कोणाला दिलें, हें मात्र जो चालला त्यालाच सांगतां येतें. आमच्या तरुण लेखकांनीं तेवढें सांगावें. सूर्यास्त त्यांनीं खुशाल ठेवावा. वाचक त्यावर मग विश्वास ठेवतील.