मीठ खाल्लेला मारेकरी

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव सह्याद्रीच्या कड्याकपारींत वसलेले आहे. प्रतापगड आणि जावळीचे खोरे तेथून फार दूर नाहीत. गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही युवकांसमवेत तेथे दोन रात्री राहण्याचा योग आला. पहिल्या रात्री, ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथील आजीने वाढलेली नाचणीची भाकरी आणि भाजी खाऊन झाल्यावर, मुलांनी पडवीत दिव्याभोवती बैठक मारली आणि पिशवीतून चित्रविचित्र आकाराचे फासे काढले. पत्ते नाहीत, पट नाही, सोंगट्याही नाहीत. नुसते फासे, कागद आणि पेन्सिली. जिज्ञासेपोटी मीही एका खांबाला टेकून बसलो.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एकजण सूत्रधार होतो आणि एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. बाकीचे खेळाडू योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक भूमिका घेतात आणि ‘माझे पात्र आता हे करते’ असे सांगत जातात. कृती साधली की फसली, हे फासा ठरवतो. नाटकाची संहिता आधी लिहिलेली असते. येथे ती सर्वांनी मिळून, बोलता बोलता रचायची असते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती पालकांनी या खेळात सैतानाचा वास आहे असा गहजब केला होता. मी दोन रात्री हा खेळ जवळून पाहिला. सैतान मला कोठे दिसला नाही. पहिल्या रात्री कंटाळा मात्र स्पष्ट दिसला, आणि प्रस्तुत लेखाचा जन्म त्या कंटाळ्यातून झाला आहे.

आमच्यातील एका मुलाने छुप्या मारेकऱ्याची भूमिका घेतली होती. काळा झगा, चेहऱ्यावर पडदा, लहानपणीच वारलेले आईवडील, कमरेला विषात बुडवलेले दोन खंजीर. हे पात्र कोणाशी बोलत नसे. दर दहा मिनिटांनी तो मुलगा म्हणे, “मी सावलीत लपतो,” आणि फासा टाकी. फासा बहुधा त्याच्याच बाजूने पडे. तो एकटा किल्ल्यात शिरे, एकटा पहारेकऱ्याला मारी, एकटा परत येई. तोवर उरलेले चौघे भाजलेल्या शेंगा सोलत बसत. एकाला तर डुलकी लागली. खेळ आवरल्यावर तो मुलगा माझ्यापाशी आला आणि काहीशा हिरमुसल्या स्वरात म्हणाला, “फादर, माझा मारेकरी सगळ्यांत ताकदवान आहे. तरी तो रंगत का नाही?”

प्रश्न साहित्याचा होता. ललितकृतीतले एखादे पात्र का रंगते आणि का रंगत नाही, हे शोधणे समीक्षेचे कामच आहे. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम खेळाच्या नियमांकडे पाहू. मारेकऱ्याची स्वतंत्र भूमिका या खेळात १९७५ साली ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीतून आली. १९७८ च्या नियमपुस्तकाने मारेकरी हा दुष्टच असला पाहिजे असा दंडक घातला. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात तर एक कोष्टकच दिले गेले: मारेकऱ्याची पातळी एका बाजूला, बळीची पातळी दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्या छेदावर खून साधण्याची टक्केवारी. १९८९ च्या आवृत्तीने ही भूमिका वगळली. २००० साली ती परतली, पण एका अटीवर: मारेकऱ्यांच्या पंथात शिरण्यासाठी, केवळ शिरण्यासाठी म्हणून, एका माणसाचा जीव घेतलेला असला पाहिजे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मारेकरी ही चोराचीच एक शाखा झाली.

या सगळ्यांत १९७९ चे कोष्टक मला सर्वाधिक निरस वाटते, आणि आमच्या मुलाचा मारेकरी नकळत त्याच कोष्टकातून उतरला होता. कोष्टकात बळीला नाव नसते, घर नसते, कोणी वाट पाहणारे नसते. असते ती फक्त पातळी. जेथे मरणाऱ्याला चेहरा नाही तेथे मारणाऱ्यालाही चेहरा येत नाही. २००० सालची अट क्रूर खरी, पण तिच्यात निदान एक प्रश्न दडलेला आहे: तो पहिला माणूस कोण होता? सर्वांत उपयोगी बीज मात्र २०१४ च्या नियमांत सापडते. पुरेशी प्रगती केलेल्या मारेकऱ्याला सात दिवस आणि पंचवीस सुवर्णमुद्रा खर्चून एक खोटी ओळख उभी करता येते, असे तेथे म्हटले आहे. पुष्कळ खेळाडू हे वाक्य वाण्याच्या बिलासारखे वाचतात. मुद्रा वजा करतात आणि पुढे जातात. खरी कथा तर त्या सात दिवसांत आहे.

इतिहास याला साक्ष आहे. इंग्रजीतील मारेकऱ्याचा शब्द ज्यांच्यावरून पडला, ते इराण-सीरियातील निझारी इस्माइली. १०९० साली हसन-ए-सब्बाहने आलमूतचा डोंगरी किल्ला घेतला आणि तेथून या पंथाचे नाव सर्वत्र झाले. क्रूसयुद्धांच्या काळात, ११९२ साली, टायर नगरीत कॉनराड ऑफ माँटफेरात याला त्यांच्यापैकी दोघांनी मारले. हे दोघे ख्रिस्ती साधूंच्या वेषात तेथे वावरत होते असे वृत्तांतकार सांगतात. म्हणजे अंधारात दडून नव्हे, तर भर दिवसा, सर्वांच्या ओळखीचे होऊन त्यांनी बळी गाठला. त्यांना लपवले ते लोकांच्या विश्वासाने.

पण एवढ्या दूर कशाला जायचे? कुडपणच्या शेजारचीच जावळी घ्या. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत त्या प्रसंगी संभाजी कावजी नावाचा एक माणूस आपल्याला भेटतो. बखरकार सांगतो की, तो वकील म्हणून हणमंतराव मोऱ्याकडे गेला, सोयरिकीचे बोलणे लावले, एकांत मिळवला आणि कट्यारीने त्याला ठार केले. जावळीच्या तपशिलांविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मी येथे इतिहासाचा निवाडा करीत नाही. बखरीत रेखाटलेले पात्र वाचतो आहे.

हेच पात्र १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी पुन्हा समोर येते. जखमी अफझलखानाला पालखीत घालून भोई पळत असताना त्यांना आडवा जाऊन पालखी भुईवर पाडणारा हाच. अंगात बळ असे की चारही पाय धरून घोडा उचलावा. आणि पुढे? हाच संभाजी कावजी रुसून शायिस्ताखानाला जाऊन मिळतो, आणि राजे प्रतापरावाला पाठवून त्याला मारवतात. बखर हे सारे मोजक्या ओळींत सांगून पुढे निघून जाते. त्याच्या मनाचा ठाव ती घेत नाही.

या मोकळ्या जागेत केवढे नाट्य भरले आहे पाहा. सोयरिकीचे बोलणे करायला आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे कोणी उंबऱ्यात उभे ठेवत नाही. त्याला पाय धुवायला पाणी मिळते, पाट मांडला जातो, ताट वाढले जाते. घरातल्या बायका दाराआडून त्याला पाहतात, कारण त्याच्या शब्दावर एका मुलीचे आयुष्य ठरायचे असते. बखरीत हे लिहिलेले नाही. पण सोयरीक हा एकच शब्द मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एवढे सगळे उभे करतो. खाल्ल्या मिठाला जागावे, हा आपला जुना दंडक. ज्याला स्वामीच्या मिठाला जागण्यासाठी यजमानाचे मीठ मोडावे लागते, त्याच्या वाट्याला दोन मिठे येतात, आणि दोन्हींना जागता येत नाही. असा माणूस पुढे स्वामीपासूनही दुरावतो, तेव्हा जावळीतले ते ताट त्याला आठवले असेल का? या प्रश्नाचे उत्तर खेळाडूने द्यायचे आहे. काळ्या झग्याने ते मिळत नाही.

आपल्या पवित्र शास्त्रातही अशी एक कथा आहे, आणि कलेच्या दृष्टीनेही ती पुन्हा वाचण्याजोगी आहे. वेढा पडलेल्या बेथुलिया नगरीतली विधवा यूदिथ शत्रूसेनापती होलोफर्नेसच्या छावणीत जाते. ती तेथे तीन दिवस राहते. रोज रात्री प्रार्थनेसाठी छावणीबाहेर जाण्याची तिने परवानगी मिळवलेली असते, त्यामुळे पहारेकऱ्यांना तिच्या येण्याजाण्याची सवय होते. ज्या रात्री ती होलोफर्नेसचे मस्तक घेऊन निघते, त्या रात्री तिला कोणी हटकत नाही. यापेक्षा चोख लपणे ते कोणते? आणि आणखी एक बारकावा. होलोफर्नेस तिला आपल्या पंक्तीचे अन्न देऊ करतो, तेव्हा ती ते नाकारते. दासीने बरोबर आणलेली स्वतःची शिदोरी खाते. शास्त्र याचे कारण नियमशास्त्राचे पालन हे देते. पण कथेचा वाचक म्हणून मला वाटते, यूदिथ त्या माणसाचे मीठ खात नाही. पुढे त्याचे मस्तक ज्या पिशवीतून नेले जाते ती पिशवीही अन्नाचीच. कथाकाराने अन्नाचा हा धागा कोठेही तुटू दिलेला नाही.

तेव्हा छुप्या मारेकऱ्याची भूमिका रचणाऱ्या युवकाला मी तीन प्रश्न विचारीन. पहिला: तू कोणत्या दाराने आत शिरतोस? वैद्य, शिंपी, भाट, सोयरीक जुळवणारा, जे काही होशील ते काम तुला खरोखर यायला हवे, आणि त्या कामात तुझे कोणाशी तरी चार शब्द व्हायला हवेत. दुसरा: तुझ्या सोबत्यांचा या बेतात वाटा काय? प्रतापगडावर एकट्याने काही घडले नाही. रानात दबा धरून बसलेले लोक होते, इशारतीची तोफ होती. यूदिथबरोबरही दासी होती. सोंगात प्रत्येकाला काम दिले म्हणजे कोणी शेंगा सोलत बसत नाही. तिसरा, आणि सर्वांत अवघड: दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय करतोस? कोणाच्या नजरेला नजर देता येत नाही? खून ज्याच्या कथेचा शेवट असतो ते पात्र एका रात्रीचे. खुनानंतर ज्याची कथा सुरू होते त्याच्याबरोबर वर्षभर खेळता येते.

कोणी आक्षेप घेईल की, धर्मगुरूने मुलांना मारेकरी रंगवायला शिकवावे काय? आक्षेप रास्त आहे, आणि माझे उत्तर सरळ आहे. मुले हे पात्र रंगवणारच. मला भीती वाटते ती टक्केवारीतल्या खुनाची. ज्या खुनात कोणी मरतच नाही, केवळ एक आकडा पुसला जातो, तो मनाला काही शिकवत नाही आणि हळूहळू बधिर मात्र करतो. पात्र जितके खोल, तितके जिवाचे मोल लक्षात येते. या एका बाबतीत चांगली कला आणि चांगला विवेक एकाच वाटेने चालतात.

दुसऱ्या रात्री त्या मुलाने काळा झगा बाजूला ठेवला आणि तो सोयरीक घेऊन आलेला पाहुणा झाला. सोबत्यांपैकी एक त्याचा भाऊ झाला, एक भाट, एक ओझेवाला. सूत्रधारही हुशार निघाला. त्याने किल्लेदाराच्या म्हाताऱ्या आईला आणले आणि तिने पाहुण्यापुढे ताट वाढले. चौघेही पुढे सरकून बसले होते. मुलाने एकान्त मागितला, खंजिरावर हात गेल्याचे सांगितले आणि फासा उचलला. आत चुलीपाशी घरच्या आजी उद्याच्या न्याहारीसाठी पीठ चाळत होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मुलाने एकदा तिकडे पाहिले. फासा पुष्कळ वेळ त्याच्या मुठीतच राहिला.

त्या रात्री कोणाला डुलकी लागली नाही.