विमानपटातील वाणी : चार चित्रपटांच्या संवादांचा विचार

ज्या चित्रपटांचे कथानक सर्वस्वी किंवा बह्वंशी विमानात घडते, त्यांना सोयीसाठी ‘विमानपट’ म्हणता येईल. या प्रकाराची चर्चा सहसा त्यातील थरार, छायाचित्रणातील युक्त्या आणि अपघाताचे दृश्य यांच्या अनुषंगाने होते. संवादांचा विचार झालाच, तर तो ओझरता होतो. वस्तुतः विमानपट हा चित्रपटाच्या अत्यंत वाक्प्रधान प्रकारांपैकी एक होय. विमानातील पात्रांना पळावयास जागा नसते. प्रवासी आसनाशी बांधलेला, वैमानिक यंत्राशी बांधलेला, आणि ज्याने साहाय्य करावयाचे तो शेकडो मैल दूर जमिनीवर. त्याच्यापाशी बिनतारी यंत्रातून जाणाऱ्या आवाजाखेरीज दुसरे साधन नसते. अशा स्थितीत बोलणे हीच कृती ठरते. यास्तव विमानपटाची परीक्षा प्रथम त्याच्या भाषेच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

विमानातील भाषाव्यवहाराचे तीन स्तर सहज वेगळे करता येतात. पहिला स्तर वैमानिक आणि भूमीवरील नियंत्रक यांच्यातील सांकेतिक भाषेचा. दुसरा, कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना उद्देशून केलेल्या उद्घोषणांचा; या भाषेत सौजन्याची ठरीव वाक्ये असतात आणि धोका असला तरी तो शब्दांत उमटू द्यावयाचा नसतो. तिसरा स्तर प्रवाशांच्या आपसांतील बोलण्याचा. तो घरगुती, अनियंत्रित व भावनेने भारलेला असतो.

यांपैकी पहिल्या स्तराचे नियम केवळ शिष्टाचाराचे नाहीत. अल्फा, ब्राव्हो, चार्ली या शब्दांनी रोमन अक्षरे ओळखविण्याची जी पद्धती आज जगभर रूढ आहे, ती आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९५६ साली अमलात आणली. भिन्न मातृभाषांच्या माणसांना खरखरत्या यंत्रातून एकमेकांचे अक्षर न अक्षर कळावे, हा तिचा हेतू. अर्थाची संदिग्धता येथे काय करू शकते, हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दिसून आले. तेथे धावपट्टीवर दोन प्रचंड विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्यू पावली. दाट धुके हे एक कारण होते. परंतु एका विमानातून आलेल्या वाक्याचा अर्थ ‘उड्डाणासाठी उभे आहोत’ असा घ्यावयाचा की ‘उड्डाण करीत आहोत’ असा, हा संभ्रमही त्या अनर्थाच्या कारणांत गणला गेला. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक घालण्यात आला. ज्या भाषेत एका शब्दाच्या शैथिल्याने शेकडो जीव जातात, ती भाषा पडद्यावर कशी येते, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नव्हे.

या प्रश्नाच्या उलगड्यासाठी दोन चित्रपटांची तुलना विशेष उद्बोधक आहे. आर्थर हेली यांचे ‘फ्लाइट इन्टू डेंजर’ हे नाटक १९५६ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर सादर झाले. त्यावरून १९५७ साली हॉल बार्टलेट यांनी ‘झिरो अवर!’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. विमानात वाढलेल्या माशांच्या जेवणातून विषबाधा होते, दोन्ही वैमानिक निकामी होतात, आणि युद्धातील आठवणींनी खचलेल्या एका माजी लढाऊ वैमानिकास विमान उतरवावे लागते, असे त्याचे कथानक. हा चित्रपट संपूर्ण गंभीर आहे. तेवीस वर्षांनी, १९८० साली, जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी झुकर या त्रयीने ‘एअरप्लेन!’ हा प्रहसनपट काढला. त्यासाठी त्यांनी ‘झिरो अवर!’चे हक्क रीतसर विकत घेतले होते. कारण त्यांनी केवळ कथानकच नव्हे, तर अनेक संवादही जवळजवळ जसेच्या तसे उचलले. मूळ चित्रपटात ऐन संकटात भूमीवरील अधिकारी, धूम्रपान सोडण्यास आपण भलताच आठवडा निवडला, असे उद्गारतो. प्रहसनात तेच वाक्य येते. मग तोच अधिकारी धूम्रपानाच्या जागी मद्य आणि त्याहून भयंकर व्यसने घालीत ते पुनःपुन्हा म्हणू लागतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक दुर्मिळ प्रयोगच आयता लाभला आहे. वाक्ये तीच, परिणाम मात्र उलट. काकुभेदाने हे घडले असेही म्हणता येत नाही. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज या नटांची तोवरची ख्याती गंभीर भूमिकांची होती. त्यांनी प्रहसनातील वाक्येही तशाच करड्या, भारदस्त स्वरात उच्चारली. शब्द बदलले नाहीत, काकू बदलली नाही. बदलले ते प्रकरण. शब्दार्थ निश्चित करण्याच्या साधनांत भर्तृहरीने प्रकरणाची गणना केली आहे. तिचे याहून ठसठशीत उदाहरण आधुनिक कलेत सहसा सापडणार नाही. शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य उपजते असे भरताने म्हटले, आणि अभिनवगुप्ताने हे तत्त्व अन्य रसांच्या आभासांपर्यंत नेले. ‘एअरप्लेन!’मध्ये भयानकाचा आभास हास्यास जन्म देतो.

परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. कोणत्याही गंभीर कृतीचे असे हसे करता येते काय? येत असेल, तर ‘झिरो अवर!’चा त्यात दोष नाही. पण प्रहसनातील कोट्या बारकाईने पाहिल्या म्हणजे निराळेच दिसते. ‘संदेश पोचला’ या अर्थाचा ‘रॉजर’ हा बिनतारी संकेत आणि एका वैमानिकाचे रॉजर हे नाव यांची गल्लत होते. दिशावाचक ‘व्हेक्टर’ आणि व्हिक्टर हे नाव, परवानगीवाचक ‘क्लिअरन्स’ आणि क्लॅरेन्स हे नाव यांचीही तीच गत होते. म्हणजे पहिल्या स्तराची भाषा तिसऱ्या स्तरावर कोसळते. आरंभीच्या प्रसंगात विमानतळाच्या ध्वनिक्षेपकावरून गाड्या कोठे उभ्या कराव्यात हे सांगणारे दोन आवाज बोलता बोलता आपले खाजगी भांडण जाहीर करू लागतात. येथे दुसरा स्तर तिसऱ्यावर कोसळतो. प्रहसनकारांनी ही पडझड शून्यातून निर्माण केलेली नाही. ‘झिरो अवर!’मध्ये नायकाची दुरावलेली पत्नी त्याच्याशेजारी बसून बिनतारी यंत्र सांभाळते, आणि उंची व वेग यांच्या आकड्यांतच त्या दोघांच्या मोडत्या संसाराचा निकाल लागावयाचा असतो. तिन्ही स्तर तेथे आधीच एका फुगीर स्वरात मिसळलेले होते. आनंदवर्धनाने रसभंगाचे मूळ अनौचित्यात पाहिले. ते अनौचित्य मूळ कृतीतच सुप्त होते. प्रहसनाने ते फक्त उघडे केले. या दृष्टीने ‘एअरप्लेन!’ ही एक समर्थ समीक्षाच होय.

‘एअरप्लेन!’नंतर गंभीर विमानपट अशक्य झाला, असे मानण्याकडे काहींचा कल असतो. हेलींच्याच कादंबरीवरून १९७० साली सुरू झालेली ‘एअरपोर्ट’ ही चित्रपटमाला १९७९ च्या चौथ्या चित्रपटानंतर थांबली, हे खरे. पण हास्याने जे मारले ते एका विशिष्ट भाषेला. पॉल ग्रीनग्रास यांचा ‘युनायटेड ९३’ (२००६) याची साक्ष देतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोस निघालेले आणि पेनसिल्व्हेनियात कोसळलेले विमान हा त्याचा विषय. चार अपहरणकर्त्यांखेरीज विमानातील ४० जण त्यात मृत्यू पावले. या चित्रपटात नियंत्रकांची सांकेतिक भाषा प्रेक्षकासाठी सोपी करून सांगितलेली नाही. त्या दिवशी राष्ट्रीय हवाई नियंत्रणाची सूत्रे सांभाळणारे बेन स्लायनी यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. कित्येक नियंत्रकही प्रत्यक्ष त्या व्यवसायातील आहेत. त्यांच्या बोलण्यात आक्रोश नाही, भाष्य नाही.

यातील एक प्रसंग भाषाशास्त्राच्या दृष्टीने अविस्मरणीय आहे. दुसऱ्या एका अपहृत विमानातून आलेले अपहरणकर्त्याचे अस्पष्ट वाक्य नियंत्रक ध्वनिमुद्रणावरून पुन्हा ऐकतात. प्रश्न एवढाच, की तो ‘विमान’ म्हणाला की ‘विमाने’? इंग्रजीत हा भेद शब्दान्तीच्या एका क्षीण ध्वनीवर अवलंबून आहे. तो ऐकू येतो, आणि एका विमानाचे अपहरण हे एका देशावरील आक्रमण असल्याचे ध्यानी येते. अनेकवचनाच्या एका प्रत्ययात एवढे भय भरलेले क्वचितच कोठे आढळेल. येथे पहिला स्तर आपली मर्यादा सोडीत नाही, आणि म्हणूनच अखेरीस प्रवाशांनी दूरध्वनीवरून आप्तांशी साधलेले कुजबुजते संभाषण, तो तिसरा स्तर, इतका विदारक वाटतो. या चित्रपटातील वाक्ये उचलून कोणी प्रहसन रचू म्हणेल, तर त्यास ते साधणार नाही.

राम माधवानी यांच्या ‘नीरजा’ (२०१६) या हिंदी चित्रपटात दुसऱ्या स्तराचा कस लागतो. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानाचे कराची येथे अपहरण झाले. इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटमधून निसटले आणि विमान सुमारे सतरा तास जमिनीवर खिळून राहिले. कॉकपिट रिकामे झाले म्हणजे पहिला स्तरच नाहीसा झाला. मागे उरली ती हवाईसुंदरीची सौजन्याची भाषा. मरणोत्तर अशोकचक्राने गौरविल्या गेलेल्या नीरजा भनोत यांची भूमिका सोनम कपूर यांनी केली आहे. बंदुकीच्या धाकात पाणी देताना, पारपत्रे गोळा करताना आणि त्यांतील अमेरिकन पारपत्रे लपविताना ही नायिका जी ठरीव, हसतमुख वाक्ये बोलते, ती एरव्ही पोकळ शिष्टाचार म्हणून ऐकली जातात. येथे तीच धैर्याची भाषा बनतात. मात्र दिग्दर्शकाचा या भाषेवर पुरता विश्वास दिसत नाही. नायिकेच्या दुःखद विवाहाची पूर्वदृश्ये वारंवार मध्ये आणून तो तिच्या धैर्याचे कारण समजावून देऊ पाहतो. वास्तविक, थरथरत्या ओठांनी म्हटलेल्या एका नेहमीच्या वाक्याने जे साधले होते, त्यास या स्पष्टीकरणाची गरज नव्हती.

या चार चित्रपटांवरून एक निष्कर्ष काढता येतो. विमानपटाचे गांभीर्य संकटाच्या मोठेपणावर अवलंबून नसते. विषबाधा, अपहरण, अपघात ही सामग्री भयासही साधन होते आणि हास्यासही. निर्णायक ठरते ते भाषेच्या स्तरांचे औचित्य. प्राण संकटात असता माणूस आपल्या कामाची भाषा सोडीत नाही, तिलाच धरून राहतो. ही गोष्ट ज्या चित्रपटाने ओळखली, त्याचे संवाद उपहासाला पुरून उरतात.