दारावरची थाप आणि पैशाचा हिशेब

कॉलेजात असताना एका वॉर्डाच्या निवडणुकीत मी चार दिवस घरोघरी स्लिपा वाटल्या होत्या. रोजचे पैसे आणि वर वडापाव. उमेदवाराचं म्हणणं काय, हे मी एकाही घरात सांगितलं नाही. मलाही ते माहीत नव्हतं. ‘नॉक डाउन द हाउस’ पाहताना ते चार दिवस आठवले आणि लाज वाटली.

रेचल लिअर्सची ही २०१९ची डॉक्युमेंटरी. २०१८मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्याच प्रस्थापितांना पक्षांतर्गत निवडणुकीत भिडलेल्या चौघींची गोष्ट: न्यूयॉर्कची बारटेंडर अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, नेवाडाची एमी विलेला, मिसूरीची कोरी बुश, वेस्ट व्हर्जिनियाची पॉला जीन स्वेरेंजिन. २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने अमेरिकेत कंपन्यांना स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतायची मुभा मिळाली. त्या काळात या चौघी म्हणतात, कंपन्यांचा पैसा नको. मग उरतात लोकांच्या छोट्या देणग्या आणि स्वतःचे पाय.

सगळ्यात चांगला प्रसंग दोन पत्रकांचा. ओकासिओ-कोर्टेझ प्रतिस्पर्धी जो क्राउली यांचं गुळगुळीत पत्रक हातात घेते आणि विचारते, मतदानाची तारीख कुठे आहे? तिच्या पत्रकावर ती ठळक आहे. अख्ख्या फिल्मचं राजकारण या एका मिनिटात येतं. छपाई पैशाने विकत मिळते. समोरच्याला नेमकं काय हवंय, ते मात्र दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

माझी तक्रारही दारापाशीच आहे. दारं उघडतात, पण आतला माणूस वाद घालू लागेपर्यंत कॅमेरा थांबत नाही. ‘मत देऊन काय होणार?’ म्हणणाऱ्याला कसं वळवलं, हे मला पाहायचं होतं. सोबत फिरणारे कार्यकर्ते तर जवळपास बिननावाचेच राहतात. क्राउली यांनी ३० लाख डॉलरहून अधिक खर्च केला आणि ते सुमारे ४ हजार मतांनी हरले, हे थरारक आहेच. पण त्या लढतीत एकूण मतं पडली ती ३० हजारांच्या आत. एवढ्या थोड्या मतांत पायपीट पैशाला हरवू शकते. मोठ्या मतदानात काय होईल, या प्रश्नाकडे फिल्म वळतच नाही.

बाकी तिघी हरल्या. कोरी बुश २०२०मध्ये जिंकली, पण २०२४च्या पक्षांतर्गत निवडणुकीत पडली. तेव्हा बाहेरच्या एकाच गटाने तिच्या विरोधात ८० लाख डॉलरहून जास्त खर्च केला होता. फिल्मचा सुखान्त आज मध्यांतरासारखा वाटतो.

तरी बघाच. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. पुढे देणगीदारांच्या याद्या आल्या, आपण त्या फोनवर वाचल्या, फॉरवर्ड केल्या आणि विसरलो. पैसा कुठून आला हे कळणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं जिना चढून करावं लागतं, आणि ते दमवणारं असतं. ही फिल्म तो दमलेला चेहरा दाखवते.

परवा आमच्या दाराखालून एक पत्रक आत आलं. सात नेत्यांचे फोटो होते, मतदानाची तारीख नव्हती. बेल कुणी वाजवलीच नाही.