प्रेरणा आणि मोकळीक : रायपूर-राजनांदगाव परिसरातील विद्यार्थिदशेतील सर्जनाचा एक विचार

विद्यार्थिदशेतील कलावंताला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या समीक्षेत रूढ आहेत. एक प्रतिभेचे. ते प्रश्न संपवते, उलगडत नाही. दुसरे प्रभावाचे. त्यात ज्येष्ठाच्या खुणा नवोदिताच्या लेखनात शोधल्या जातात आणि जितके साम्य अधिक तितकी प्रेरणा सिद्ध झाली असे मानले जाते. तौलनिक अभ्यासाच्या आरंभकाळातील फ्रेंच संप्रदायाने प्रत्यक्ष संपर्काच्या पुराव्याला जे महत्त्व दिले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती होय. परंतु जेथे संपर्क निर्विवाद आहे आणि साम्य मात्र फारसे नाही, अशा उदाहरणाचे काय करायचे? प्रस्तुत लेखात छत्तीसगडमधील अशा एका उदाहरणाचा विचार केला आहे.

गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) हे 1958 साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. घरात मराठी बोलणारा हा कवी तोवर हिंदीत प्रस्थापित झाला होता. अज्ञेय संपादित ‘तार सप्तक’ (1943) मध्ये त्याच्या कविता होत्या. याच गावी 1937 साली जन्मलेले विनोदकुमार शुक्ल तेव्हा शेतीशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी आपल्या कविता मुक्तिबोधांना दाखवल्या. मुक्तिबोधांनी त्या श्रीकांत वर्मा यांच्याकडे पाठवल्या आणि दिल्लीहून निघणाऱ्या ‘कृति’ मासिकात त्या प्रसिद्ध झाल्या. पुढे शुक्ल रायपूरला स्थायिक झाले, तेथे त्यांनी कृषिविषयाचे अध्यापन केले, आणि 2024 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

संपर्काचा पुरावा याहून स्पष्ट क्वचितच मिळेल. तथापि, दोघांचे लेखन शेजारी ठेवले की फरकच डोळ्यांत भरतो. मुक्तिबोधांची कविता दीर्घ आहे. तीत अंधार, विहिरी, जिने, भुयारे यांची फॅण्टसी आहे आणि आत्मपरीक्षणाचा ताण वाक्यावाक्यात आहे. शुक्लांच्या लेखनात खोली, भिंत, खिडकी, सदरा एवढ्याच वस्तू असतात. वाक्य साधे वाटते आणि वाचता वाचता आपल्याच अर्थाभोवती वळते. ‘नौकर की कमीज़’ (1979) मधील कारकुनाची कोंडी मुक्तिबोधांच्या मध्यमवर्गीय नायकाला परकी नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु एकाने त्या कोंडीला दुःस्वप्नाचे रूप दिले, तर दुसऱ्याने तिच्यातील विनोद आणि मायाही पाहिली. अनुकरणाचा मोह सर्वांत मोठा असतो त्या वयात शुक्ल त्यातून कसे सुटले?

याचे उत्तर मुक्तिबोधांच्याच विवेचनाच्या आधारे शोधता येते. ‘एक साहित्यिक की डायरी’ (1964) मधील ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी कलेचे तीन क्षण मांडले आहेत : जीवनानुभवाचा उत्कट क्षण, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून विलग होऊन फॅण्टसीचे रूप घेतो तो क्षण, आणि ती फॅण्टसी शब्दबद्ध होऊ लागण्यापासून पूर्णत्वास जाईपर्यंतचा क्षण. आपण ज्याला प्रेरणा म्हणतो ती बहुधा पहिल्या क्षणाशी थांबते. गाव, घर, तंगी हे अनुभव विद्यार्थ्याजवळ असतातच. तो अडतो तिसऱ्या क्षणी, कारण आपली भाषा साहित्याला चालेल की नाही याची त्याला खात्री नसते. तेथे ज्येष्ठाने नमुना दिला तर अनुकरण जन्मते; ‘हे असेच चालेल’ एवढे मान्य केले तर मोकळीक मिळते. मुक्तिबोधांनी कविता पुढे पाठवणे ही दुसऱ्या प्रकारची कृती होती. आपल्यासारखे न लिहिणाऱ्याची कविता त्यांनी प्रसिद्धीयोग्य मानली.

मुक्तिबोधांना ही दृष्टी का असावी, याचा एक धागा मराठीत सापडतो. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी त्याच घरातून येऊन मराठीत लिहिले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एक घर, जवळपासची वैचारिक निष्ठा, आणि दोन भाषा. समान मुळांतून समान फळ येत नाही, हे त्या घरात रोजचे वास्तव होते. असे असूनही मराठी वाङ्मयेतिहास थोरल्या भावाला ‘हिंदीत गेलेला’ म्हणून सोडून देतो आणि ही तुलनाच गमावतो.

मोकळीक केवळ गुरूकडूनच मिळते असे मात्र नाही. शुक्लांच्याच पिढीतील दिलीप चित्रे (जन्म 1938) यांनी कोवळ्या वयात अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी मित्रांसह मुंबईत 1954 साली ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले. महानगरात समवयस्कांनी एकमेकांना जी मान्यता दिली, ती लहान गावात एका अध्यापकाला द्यावी लागली. स्रोत निराळे, कार्य एकच.

नाटकाच्या क्षेत्रात तर शिकवणाऱ्यालाच ती द्यायला शिकावे लागले. रायपूरला जन्मलेले हबीब तनवीर (1923–2009) लंडनमध्ये नाट्यशिक्षण घेऊन परतले. नाचाच्या ग्रामीण नटांना ते आरंभी हिंदी संवाद आणि आखीव हालचाली देत. नटांचे सामर्थ्य त्यात कोमेजते हे त्यांनी ओळखले, आणि छत्तीसगढी बोली व मुक्त हालचाल यांना वाट दिली. 1973 ची रायपूरची नाचा कार्यशाळा या वळणाची खूण आहे. ‘चरणदास चोर’ (1975) हे त्याचे फळ.

यावरून प्रभावाभ्यास निरर्थक ठरतो असे नव्हे; त्याचे मोजमाप तेवढे बदलावे लागते. साम्य हा प्रभावाचा एक पुरावा आहे, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत कदाचित सर्वांत दुबळा. नवोदिताने काय उचलले याबरोबरच, कोणाच्या वाचनामुळे त्याला स्वतःची भाषा वापरण्याचे धैर्य आले, हेही विचारले पाहिजे. पत्रव्यवहार, संपादकीय निवडी, महाविद्यालयीन नियतकालिके ही मग दुय्यम साधने राहत नाहीत. आणि विद्यापीठात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. विद्यार्थ्याची कविता हाती आली की आपण प्रथम तिची जातकुळी ठरवतो. तिच्यात जे आपल्या ओळखीचे नाही, ते दोष म्हणून अधोरेखित करतो. राजनांदगावच्या त्या अध्यापकाने ओळखीचे नसलेलेच पुढे पाठवले.